दुपारी दीड ते रात्री दहा

दानेश्वरीचं पत्र येऊन एकशे बारा दिवस झाले होते. त्या पत्रातल्या नऊ प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर सिद्धराम मगदूम यांनी अजून दिलं नव्हतं. आज मात्र ते मनाचा हिय्या करून जिना उतरले होते आणि हंबीररावांच्या पेंडीच्या दुकानासमोर, कागद पाठीमागे धरून, उभे होते.

"हंबीरराव, आपल्याकडं लाइट जाते का हो?"

हंबीरराव म्हणजे तालमीतले जुने पैलवान. कान मोडलेले, आवाज शाबूत. मंगळवार पेठेतल्या या गल्लीत जे काही घडे, ते आधी त्यांच्या परवानगीने आणि मग त्यांच्या आवाजात घडे.

"लाइट? आमच्या पेठंत?" ते म्हणाले, "कवाच न्हाय! अण्णा, तुमी येवढी वरसं हितं ऱ्हाताय, कधी गेल्याली बघितलीया?"

तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरचा पंखा घरघरला, मंदावला आणि थांबला. दोघांनीही वर पाहिलं.

"ह्यो धरायचा न्हाय," हंबीरराव म्हणाले. "ह्यो आत्ता गेला."

सिद्धराम हसले नाहीत. पाठीमागचा कागद पुढे आणून त्यांनी खिशातलं पेन काढलं, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: अकरा वाजून सतरा मिनिटं. लिहून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. एकशे बारा दिवसांत त्या पत्रासाठी त्यांनी केलेलं हे पहिलं काम होतं.

तसं पाहिलं तर दुसरं. पहिलं त्यांनी पत्र आलं त्याच संध्याकाळी केलं होतं. एक आंतर्देशीय पत्र घेऊन त्यावर 'चि. दानेश्वरीस, ये' एवढं लिहिलं होतं आणि ते पुस्तकात घालून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी टाकू म्हणाले. मग तिसऱ्या दिवशी. पुढे पुढे त्या पुस्तकाला हात लावायचीच त्यांना भीती वाटू लागली.

दानेश्वरी त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ संगमेश जाऊन सहा वर्षं झाली. गडहिंग्लजचं घर विकलं गेलं, तिची आई धारवाडला आपल्या भावाकडे राहायला गेली, आणि दानेश्वरी पाठीला लॅपटॉपची पिशवी लावून गावोगाव फिरू लागली. तीन महिने गोकर्ण, तीन महिने हिमाचलातलं कुठलंसं खेडं, आणि आता मैसूर. परदेशातल्या दवाखान्यांत तिच्या कंपनीची यंत्रं होती. यंत्र अडलं की तिथली नर्स फोन करायची, आणि ही इकडून तिला कुठलं बटण दाबायचं, कुठली नळी पाहायची ते सांगायची. कामाची वेळ दुपारी दीड ते रात्री दहा. जगात कुठेही बसून करता येईल असं काम. म्हणूनच कुठे बसायचं हा तिच्यापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न.

थोरल्या काकांना ती कानडी वळणानं दोड्डप्पा म्हणे. तिनं लिहिलं होतं:

'दोड्डप्पा, फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता, म्हणून कागदावर लिहिते आहे. आमच्यासारखी फिरती माणसं पुष्कळ आहेत. आम्ही गाव कसं निवडतो सांगू? समुद्र, डोंगर हे सगळं शेवटी येतं. आधी नेट किती, वीज किती वेळ जाते, आवाज किती, जेवण कुठे, दवाखाना किती लांब. तक्ता करतो आणि गुण देतो. पण गुण देणारा माणूस खोटं बोलला की तक्ता बुडतो. हिमाचलात घरमालकांनी वीज जातच नाही म्हणून सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात एका नर्सचा फोन बोलता बोलता तुटला. पलीकडे पेशंट होता. कंपनीनं लेखी ताकीद दिली. आता पुन्हा असं झालं तर काम जाईल, आणि मला धारवाडला मामाच्या दुकानात बसावं लागेल. बसायला हरकत नाही. पण तिथून परत उठता येणार नाही, हे मला कळतं.

'मी दमले आहे. आता तीन महिने नको, एक वर्ष एका जागी राहायचं आहे. आपल्या भागात. आपल्या भागाचा रकाना कुणीच भरलेला नाही. तुम्ही आयुष्यभर मोजलंत, म्हणून खालचे नऊ प्रश्न तुम्हालाच विचारते. 'ये' म्हणून लिहू नका. खरं लिहा. इथलं भाडं जूनअखेर संपतं.'

'ये म्हणून लिहू नका.' मुलीनं नेमकं ओळखलं होतं.

आयुष्यभर मोजलंत, हेही खरं होतं. सिद्धराम तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला लावायचा, मिलिमीटर लिहायचे, सही करायची. सहा वर्षं चंदगडला, उरलेली कोल्हापुरात. गाव निवडायचं असतं, ही गोष्टच त्यांना नवी होती. त्यांची गावं बदलीच्या हुकमावर टाइप होऊन आली होती. लग्न राहून गेलं, म्हणजे कुणाला विचारायचं राहून गेलं. निवृत्तीनंतर दोन खोल्या घेतल्या त्यासुद्धा कार्यालयातल्या शिपायानं दाखवल्या म्हणून. पुढच्या खोलीत ते राहत आणि मागच्या खोलीत पुस्तकं.

असा माणूस दुसऱ्याला कुठे राहा म्हणून काय सांगणार? पण थांबलेल्या पंख्याखाली उभं असताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मत विचारलं तर आपली जीभ टाळूला चिकटते. पण मोजायला कुणी सांगितलं, तर ते आपल्याला येतं.

वीस तारखेच्या आत पत्र टाकलं, तर ते तिला वेळेत मिळणार होतं. आज जूनची पाच होती.

त्याच दुपारी ते चौकातल्या क्रांतीच्या दुकानात गेले. क्रांती चाळिशीची, चष्मा कपाळावर ढकललेला. दाखले, पीकविमा, परीक्षांचे अर्ज असं सगळं ऑनलाइन भरून द्यायची. तिच्यासमोर नेहमी पाच माणसं उभी असत आणि पाचही जणांना ती एकाच वेळी रागवत असे. सिद्धराम पाचही जण जाईपर्यंत कोपऱ्यात थांबले.

"काय काका, हयातीचा दाखला? त्यो नव्हेंबरात असतोय."

"नाही. नेट मोजायचंय."

"काय करायचंय?"

सिद्धरामांनी जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. क्रांतीनं चष्मा नाकावर घेतला, टेबलाच्या खणातून एक काच तडकलेला जुना मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी उघडून दिलं.

"ह्ये बटान दाबायचं. काटा फिरंल. थांबला की आकडा लिवून घ्यायचा."

सिद्धरामांनी दाबलं. पडद्यावर अर्धगोल उमटला, काटा थरथरत वर चढला आणि एकसष्टवर स्थिरावला. त्यांनी नकळत डोळा काट्याच्या सरळ रेषेत आणला.

"रोज किती वेळा घ्यायचं माप?"

"एकदा घ्या की. कशाला लागतंय रोज?"

"कामाच्या वेळात पाच वेळा घेतो. दीड, साडेतीन, साडेपाच, साडेसात, साडेनऊ."

"अहो काका, ह्यो काय पाऊस हाय व्हय!" क्रांती म्हणाली, पण मोबाइल तिनं परत मागितला नाही. वर चार्जरही दिला.

घरी येऊन त्यांनी मागची खोली रिकामी करायला घेतली. चाळीस वर्षांची पुस्तकं पुढच्या खोलीत, पलंगाखाली, मोरीच्या वरच्या फळीवर, जिथे मावतील तिथे गेली. जी मावली नाहीत ती त्यांनी वाचनालयाला दिली. ती देताना एकेक उघडून पाहिलं, तेवढंच. रंगाऱ्याला बोलावून भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. खिडकीशी टेबल ओढलं, त्यावर मोबाइल ठेवला आणि शेजारी आखलेली वही. टेबलापाशी बसलं की समोरच्या घराच्या गच्चीवरचा तुळशीचा डबा दिसायचा. इथं ती बसेल, असा विचार मनात आला की सिद्धराम उठून उगाच पाणी पिऊन येत.

वहीत चार रकाने होते: वेळ, काटा, वीज, आवाज.

सहा तारखेला राज्याभिषेक दिन. सकाळपासून पेठेत ढोल. दीडचं माप: काटा अठ्ठावन्न, वीज आहे, आवाज सतत. तो दिवस सणाचा म्हणून त्यांनी पुढे 'विशेष' असं लिहिलं. सात तारखेला सण नव्हता. पण खाली तालमीची पोरं फुटबॉल खेळत होती आणि एक गोल आत की बाहेर यावर त्यांनी सव्वा तास घालवला. आठ तारखेला वरात. नऊला एका मोटारसायकलीचा सायलेन्सर काढून तिची तपासणी चालली होती. गाडी नादुरुस्त नव्हती. आवाज पुरेसा येतो का, एवढंच बघायचं होतं. दहाला हंबीरराव स्वतः. पेंडीचा ट्रक उशिरा आल्याबद्दल ते फोनवर बोलत होते, आणि तो फोन नसता तरी पलीकडच्या माणसाला ऐकू गेलं असतं.

नेटचा काटा एकदाही चाळिसाखाली आला नाही. वीज सहा वेळा गेली, जास्तीत जास्त पंचवीस मिनिटं. ते इन्व्हर्टरनं भागलं असतं. पण तिच्या कामाला लागणारी सलग दोन तास शांतता? रविवारी दुपारी, सारी पेठ मटणाचं जेवण करून आडवी झाली तेव्हा, एक तास पाच मिनिटं. त्याच्यावर नाही.

अकरा तारखेला हंबीरराव वर आले. पिवळी खोली, टेबल, वही सगळं पाहिलं. वही उलटसुलट करून वाचली. स्वतःच्या नावापुढे 'चाळीस मिनिटं' पाहून त्यांनी ती मिटली.

"म्हंजी पोरगीचं अडतंय ते आमच्या आवाजावर?"

"तसं नाही..."

"तसंच हाय की. थांबा, बघतो!"

आणि त्यांनी बघितलं. बारा आणि तेरा तारखेला दुपारी दीड ते रात्री दहापर्यंत हंबीरराव गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. पोरांना पिटाळलं, भाजीवाल्याला मुक्यानं भाजी विकायला लावली, एका सायलेन्सरवाल्याला गाडी ढकलत न्यायला लावली. सारखे उठून नुसते हातवारे करत होते. पेठेत सुतक असावं तशी शांतता. तेरा तारखेला दुपारी तीन ते पाच चाळीस, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं, वहीत सलग 'शांत' लिहिलं गेलं.

रात्री दहा वाजल्यावर हंबीरराव घामाघूम होऊन वर आले. "झालं का न्हाय? लिवा आता. मंगळवार पेठ, एकदम शांत!"

"हंबीरराव, तुम्ही असं वर्षभर बसणार का?"

"वरीसभर?" हंबीररावांनी विचार केला. "म्हस हाय, दुकान हाय... मधनं आधनं बसंन की."

चंदगडला असताना एकदा एका हौशी चौकीदारानं, साहेबांच्या मापकात पालापाचोळा पडू नये म्हणून, त्यावर पत्रा टाकून ठेवला होता. त्या दिवशी सबंध तालुक्यात पूर आणि मापकात शून्य. चौकीदाराचा हेतू चांगलाच होता. सिद्धरामांनी पट्टी घेतली, बारा आणि तेरा तारखेच्या ओळींवर दोन सरळ रेघा मारल्या आणि कडेला लिहिलं: ग्राह्य नाही.

हंबीरराव बघतच राहिले. मग हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, म्हणाले, "अण्णा, खुळं हायसा काय? त्येवढं एक ऱ्हाऊ द्या की. पोरगी येऊ द्या. आली की हुईल सवय. तुमचं वय झालं, उद्या ताप आला तर पाणी द्यायला कोन हाय? खोली रंगवली, बुकं वाटली, ते काय उगंच?"

यातलं प्रत्येक वाक्य सिद्धरामांनी स्वतःशी आधी म्हटलं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तिचं काम गेलं, तर इथं राहून ती काय करील?" ते म्हणाले. "मला पाणी देईल. आणि मग धारवाडला जाईल."

पंधरा तारखेपर्यंत त्यांनी मापं पूर्ण केली. रेघा तशाच राहिल्या. सोळाला सकाळी सहाच्या चंदगड एसटीत ते खिडकीशी बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत वही आणि क्रांतीचा मोबाइल. पेठ जमत नाही म्हणून काही सगळा भाग संपला नव्हता.

चंदगडला विश्रामगृहाचा जुना चौकीदार पिराजी त्यांना स्टँडवरच भेटला. सिद्धरामांनी कार्ड टाकलं होतं. पिराजीनं पिशवी हिसकावून घेतली, घरी नेलं, पाटावर बसवलं. ताटात वाफेचा भात, त्यावर तूप, शेजारी ओल्या काजूची उसळ.

"नेट आहे का रे इथं?"

"हाय की!"

"कुठं?"

"त्या तिथं, टेकावर. जांभळीच्या बुडात. समदी पोरं तितंच बसत्यात."

"आणि पावसात?"

"पावसात छत्री घिऊन बसत्यात."

"वीज?"

"हाय की. आली तर दोन-दोन दिस जात न्हाय." जरा थांबून त्यानं खरेपणानं पुढे जोडलं, "ग्येली तर तसंच."

जेवण झाल्यावर सिद्धरामांनी पडवीत बसून बटण दाबलं. काटा तीनवर गेला, थरथरला आणि खाली बसला. त्यांनी वही उघडली. पिराजीचा चेहरा पडला.

"साहेब, लिवताय कशाला? माज्या तोंडच्या शबुदावर इस्वास न्हाय?"

"तुझ्यावर आहे रे. तारेवर नाही."

पिराजी रुसला. अर्धा तास तो गोठ्यात काहीतरी आपटत होता. मग आपणच बाहेर येऊन खांबाला टेकून उभा राहिला.

"लिवूनच घ्यायचं आसंल तर नेसरीत एक बाई हायत. निर्मलाबाई. माज्या धाकट्याच्या मास्तरीन. माडीवर खोली हाय, भाड्यानं देत्यात. पन तितं कोन टिकत न्हाय."

"का?"

"का म्हंजी? बाईचं तोंड. कायबी इचारा, आदी न्हाय म्हनत्यात. पावण्याला कुनी असं बोलतंय व्हय?"

सिद्धरामांनी पिशवी उचलली. पिराजीला वाटलं, साहेब रागावले. ते रागावले नव्हते. या दहा-बारा दिवसांत त्यांनी ज्याला ज्याला विचारलं होतं त्या प्रत्येकानं 'हाय की' म्हटलं होतं. आपल्या मुलुखात पावण्याला नाही म्हणत नाहीत. भाकरी नसली तरी या म्हणतात. आणि 'न्हाय' म्हणणारं एक माणूस तीस किलोमीटरवर बसलं होतं.

परतीच्या एसटीतून ते नेसरीला उतरले तेव्हा चार वाजत आले होते. निर्मलाबाईंचं घर बाजारपेठेच्या मागे, शेताच्या कडेला. बाई साठीच्या पुढच्या, कपाळाला विभूतीची पुसट रेघ, हातात विळी.

"खोली बघायची आहे," सिद्धराम म्हणाले. "माझ्यासाठी नाही. पुतणीसाठी."

"बघून घ्या. पण आधी ऐका. पाणी एक दिवसाआड. जिना उभा आहे, पाय घसरला तर मी जबाबदार नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी गलका असतो. मांस-मच्छी घरात चालायची नाही. सकाळी सहाला माझा रेडिओ लागतो, तो कमी होणार नाही."

सिद्धराम भराभर लिहीत होते. बाई थांबल्या. "काय लिहिताय?"

"तुम्ही सांगताय ते. वीज जाते का?"

"जाते. परवा पाऊण तास गेली होती."

"पाऊण तास? नक्की?"

बाईंनी विळी खाली ठेवली आणि आत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढून आणलं. तारखांच्या चौकटीत निळ्या पेनानं बारीक अक्षरात आकडे होते: गेली २.१०, आली २.५५. गेली ७.३०, आली ७.४०. मागची पानं उलटली, तिथेही तसंच.

"वीज मंडळात तक्रार करायला गेलं की म्हणतात, बाई, तुम्हाला भास होतो. म्हणून तीन वर्षं लिहून ठेवते आहे. आदल्या दोन्ही वर्षांची कॅलेंडरं ट्रंकेत आहेत. हवी असतील तर काढते."

सिद्धरामांनी ते कॅलेंडर दोन्ही हातांनी धरलं. तीन वर्षांची नोंद! त्यांना खात्यातल्या सगळ्या साहेबांची आठवण झाली, आणि यातल्या एकालाही असं अक्षर नव्हतं हेही जाणवलं.

"इन्व्हर्टर शिकवणीच्या मुलांसाठी घेतलाय," बाई म्हणाल्या. "चार तास चालतो. पाच म्हणून विकला होता दुकानदारानं."

"दुपारी दीड ते रात्री दहा आवाज?"

"शिकवणी सकाळी असते. त्या वेळात मी स्वतःशीसुद्धा बोलत नाही."

ते माडीवर गेले. जिना खरंच उभा होता. साडेचारचं माप: काटा बेचाळीस. त्यांनी साडेसहालाही घेतलं: एक्केचाळीस. मधले दोन तास ते त्या खोलीत लोखंडी खुर्चीवर बसून होते, आणि ऐकू आलं ते एवढंच: एक ट्रॅक्टर लांबून गेला, खाली विळीवर काहीतरी चिरलं गेलं. असे दोन तास आपल्या घरात आपल्याला कधी मिळाले होते, ते त्यांना आठवेना. ही खोली आपल्यालाच आवडली, असं क्षणभर वाटून गेलं.

खाली आल्यावर बाईंनी चहा दिला. "बाकी सगळं विचारलंत," त्या म्हणाल्या. "आता मी एक विचारते. पुतणी तुमची. तुम्ही राहता कोल्हापुरात. मग ती तुमच्याकडे का नाही राहत?"

सिद्धरामांनी बशीत चहा ओतला. तो थोडा सांडला.

"मोजून बघितलं," ते म्हणाले.

ते निघाले तेव्हा जिन्याखालचा दिवा बाईंनी आपणहून लावला. तो दिवा रस्त्यापर्यंत पुरत नाही, हेही सांगितलं.

सतरा आणि अठरा या दोन दिवसांत सिद्धरामांनी उत्तर लिहिलं. तीन गावं, तीन तक्ते. पेठेचे दहा दिवस, त्यातल्या दोन दिवसांवरच्या रेघा आणि त्यांचं कारण. चंदगड: काटा, जांभळीचं झाड, पिराजीचा भात. नेसरी: कॅलेंडरातून उतरवून घेतलेल्या विजेच्या वेळा, उभा जिना, एक दिवसाआड पाणी, सहाचा रेडिओ. दवाखाना किती लांब, एसटी किती वाजता, सगळं. बाईंच्या स्वभावाबद्दल लिहिलं: 'न विचारता गोड बोलणार नाहीत. विचारलं तर खरं सांगतील.'

नवव्या प्रश्नाशी येऊन पेन थांबलं. तिथे तिनं लिहिलं होतं: तुमचं मत?

खात्याच्या नोंदवहीतही शेवटी शेऱ्याचा रकाना असे. तेहतीस वर्षं त्यात ते 'निरंक' लिहीत आले होते. वरच्या साहेबांना आपल्या मताचं काय! आताही हात त्याच वळणावर जाऊ लागला. 'नि' लिहून झाला. त्यांनी तो खोडला. उठून मागच्या खोलीत गेले, पिवळ्या भिंतीसमोर जरा वेळ उभे राहिले, परत आले, आणि ठळक अक्षरात लिहिलं:

'नेसरीला राहावंस. हे माझं मत आहे आणि मी ते विचार करून देतो आहे. कोल्हापूरहून एसटीनं तीन तास लागतात. माझी मागची खोली काम करायला योग्य नाही. सुट्टीला यायला योग्य आहे. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण मला खोटं लिहायचं होतं.'

शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. 'खोटं' हा शब्द फार कडक वाटला. पण दुसरा सापडेना. मग त्यांनी पुस्तकातलं ते आंतर्देशीय पत्र काढलं, त्यावरचं 'ये' पाहिलं आणि त्याचे चार तुकडे केले.

एकोणीस तारखेला सकाळी दहाला ते मुख्य टपाल कार्यालयात रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे सहा माणसं आणि मागे पाच. पाकीट छातीशी धरलेलं. खिडकीत एक तरुण बाई होती. तिनं पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता मोठ्यानं वाचला, पिनकोड ठोकला.

"स्पीड पोस्टच ना? लई जड हाय की, आजोबा. काय घातलंय आत?"

"आकडे," सिद्धराम म्हणाले.

तिनं मान हलवली, पाकिटावर चिकटपट्टी लावली, पावती पुढे सरकवली आणि पाकीट मागच्या कापडी पोत्यात टाकलं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी जाड पार्सलावर पडलं, थोडं घसरलं आणि आत दिसेनासं झालं.

सिद्धराम खिडकीशीच उभे राहिले.

"पावणं," मागून कुणीतरी ओरडलं, "झालं न्हवं तुमचं? सरका की म्होरं!"

"झालं," सिद्धराम म्हणाले, आणि सरकले.